युरोपीय इतिहासावरील जपानी मांगा : वास्तवदर्शनाचा प्रश्न

युरोपच्या इतिहासावर आधारलेली वास्तवदर्शी मांगा कोणती, हा प्रश्न ग्रंथसूचीइतकाच इतिहासलेखनपद्धतीशीही निगडित आहे. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या आणि पुढे खंडरूपाने निघणाऱ्या या कथांपैकी अनेकींनी प्राचीन काळापासून विसाव्या शतकापर्यंतचा युरोप रंगविला आहे. भाषांतरे व ॲनिमेशनपट यांच्याद्वारे त्या जपानबाहेरही पोहोचल्या असून, पुष्कळ तरुण वाचकांना व्हायकिंगांच्या स्वाऱ्या किंवा फ्रेंच राज्यक्रांती पाठ्यपुस्तकाच्या आधी या पानांवर भेटते. अशा वेळी चित्रातील पोशाख, शस्त्रे आणि इमारती बिनचूक असल्या म्हणजे कथाही इतिहासाशी प्रामाणिक ठरते काय, हे तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात चार कृतींच्या आधारे हा विचार केला आहे.

या प्रवाहातील आरंभीची आणि सर्वाधिक गाजलेली कृती म्हणजे रियोको इकेदा यांची ‘व्हर्सायचा गुलाब’ (१९७२–७३). श्टेफान त्स्वाइग यांनी लिहिलेले मारी आंत्वानेत हिचे चरित्र (१९३२) ही तिची प्रेरणा होय. ताऱ्यांसारखे चमकणारे डोळे आणि पानभर उधळलेली फुले ही मुलींच्या मांगाची शैली तिच्यात असल्यामुळे, वास्तवदर्शी कृतींच्या यादीत तिचे नाव सहसा घेतले जात नाही. सेनापतीने मुलगा म्हणून वाढविलेली ऑस्कर ही नायिकाही सर्वस्वी काल्पनिक आहे. परंतु १४ जुलै १७८९ रोजी ऑस्कर ‘फ्रेंच गार्ड’ पलटणीतील आपल्या सैनिकांसह लोकांच्या बाजूने उभी राहते, तेथे कथेला भक्कम आधार आहे. त्या दिवशी या पलटणीतील सैनिक तोफा घेऊन बास्तीयवरील हल्ल्यात खरोखरच सामील झाले होते. नायिका कल्पित, पलटणीचे बंड मात्र खरे. शिवाय ऑस्करसारखी स्त्री त्या सैन्यात अधिकारपदावर असणे असंभवनीय आहे, हे चाणाक्ष वाचकाला उमगते. त्यामुळे त्याची फसगत फारशी होत नाही.

फुयुमी सोर्यो यांची ‘चेझारे’ (२००५–२०२१) या दृष्टीने अगदी दुसऱ्या टोकाची कृती आहे. दान्तेचे अभ्यासक मोतोआकी हारा यांचे साहाय्य या मालिकेला लाभले, आणि गुस्ताव्हो साचेर्दोते यांच्या इटालियन चरित्रग्रंथाचा आधारही तिने घेतला. कथेचा प्रारंभ १४९१ मधील पिसा विद्यापीठात होतो. चेझारे बोर्जा त्या वेळी तेथे शिकत होता, आणि पुढे दहावा लिओ म्हणून पोपपदावर बसलेला जोव्हान्नी दे मेदिची हाही तेथेच होता. विद्यार्थ्यांचे प्रांतवार गट, त्यांच्यातील चुरस, पोप आणि सम्राट यांच्या वर्चस्वाविषयीचे वाद हे सारे लेखिकेने विलक्षण निगुतीने मांडले आहे. आंजेलो दा कानोस्सा हा भाबडा विद्यार्थी मात्र कल्पित आहे. त्याला काहीच ठाऊक नसल्याने प्रत्येक गोष्ट त्याला, आणि त्याच्या निमित्ताने वाचकाला, समजावून सांगता येते. ही युक्ती जुनीच, पण येथे ती उत्तम साधली आहे.

तथापि या अचूकतेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मालिका १४९२ च्या पोपच्या निवडणुकीपाशी संपते. ज्या कृत्यांमुळे चेझारेचे नाव बदनाम झाले आणि ज्यांनी माकियाव्हेलीला भुरळ घातली, त्या रोमान्यातील मोहिमा आणि डिसेंबर १५०२ मधील सेनिगाल्लियाची दगलबाजी तिच्या कक्षेबाहेर राहतात. एकही दालन चुकीचे न रेखाटता, केवळ कथा कोठे थांबवायची या निवडीतून एक तेजस्वी, सहानुभूतीस पात्र युवक उभा राहतो. पार्श्वभूमी जितकी बिनचूक, तितक्या निःशंकपणे वाचक नायकाची प्रतिमा स्वीकारतो.

उओतो यांच्या ‘ची’ (२०२०–२०२२) या कृतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. जपानी भाषेत भूमी, रक्त आणि ज्ञान या तिन्ही अर्थांचे शब्द ‘ची’ असे उच्चारले जातात. २०२२ मध्ये तेझुका ओसामू सांस्कृतिक पारितोषिकाचा सर्वोच्च मान या कृतीला मिळाला. पंधराव्या शतकात, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मानणाऱ्यांचा धर्मसत्ता अमानुष छळ करते, असे तिचे कथानक आहे. ऐतिहासिक वस्तुस्थिती निराळी आहे. पृथ्वी स्थिर नाही, असे १४४० मध्ये लिहिणारा निकोलस ऑफ क्यूसा पुढे कार्डिनल झाला. कोपर्निकसने १५४३ चा आपला ग्रंथ पोपलाच अर्पण केला. त्या ग्रंथावर चर्चची बंदी आली ती १६१६ मध्ये, आणि गॅलिलिओवरील खटला त्यानंतर १६३३ मध्ये चालला. म्हणजे कथेतील छळ दीड शतकाहून अधिक मागे नेलेला आहे. लेखकाने राज्याला ‘पी राज्य’ आणि धर्माला ‘सी धर्म’ अशी आद्याक्षरी नावे देऊन सावधपणा दाखविला आहे. अखेरच्या भागात मात्र पोलंडचे नाव उघडपणे येते आणि कोपर्निकसच्या काळाशी संबंधित आल्बर्ट ब्रुजेव्हस्कीही अवतरतो. हा बदल ज्याच्या नजरेतून निसटेल, तो वाचक आधीचा सारा छळ इतिहास म्हणूनच मनात साठवील. छळाची दृश्ये इतक्या ताकदीने रेखाटली आहेत की पुढे शिक्षकाने सांगितलेली सनावळी त्यांच्यापुढे फिकी पडावी. ज्ञानासाठी प्राण देणाऱ्यांची ही कथा हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही; पण विज्ञानाच्या इतिहासाचे साधन म्हणून ती वर्गात नेणाऱ्याने वरील सनावळी सोबत बाळगणे इष्ट.

माकोतो युकिमुरा यांच्या ‘विनलँड सागा’मध्ये (२००५–२०२५) कल्पितास वाव मिळतो तो साधनांच्याच स्वरूपामुळे. थोरफिन कार्लसेफ्नी ज्या आइसलँडिक गाथांत आढळतो, त्या घटनांनंतर सुमारे दोन शतकांनी लिहिल्या गेल्या. त्यांत तो येतो तोच मुळी संपन्न व्यापारी म्हणून. त्याचे बालपण कोरे आहे, आणि युकिमुरा यांनी नेमकी तीच जागा भरून काढली. राजा स्वेन १०१४ मध्ये निधन पावला, त्याचा येथे आस्केलाड या कल्पित पात्राच्या हातून शिरच्छेद होतो; एवढे स्वातंत्र्य मात्र खटकते. उलट डेन्मार्कमधील शेतावरील गुलामांचे जीवन, कर्ज, नांगरणी आणि मालकाची मर्जी यांचे चित्रण लढायांहून अधिक खोलवर जाते. व्हायकिंग समाजाचा आर्थिक पाया दाखविणारी ही पाने सर्वांत मोलाची होत. विनलँडकडील प्रवासाचे वर्णन गाथांवर विसंबून असले, तरी न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथे १९६० मध्ये नॉर्स वसतीचे अवशेष सापडले होते. तेथील धातूच्या हत्यारांनी तोडलेले लाकूड १०२१ मधील असल्याचे संशोधकांनी २०२१ मध्ये, मालिका चालू असतानाच, वृक्षवलयांवरून सिद्ध केले.