कुर्ल्याची घडण, कोकणची हवा

अमेरिकेतील डेट्रॉइट येथे १९६४ च्या सुमारास पाँटियाक जीटीओसारख्या ज्या दांडग्या शक्तीच्या मोटारी निघू लागल्या, त्यांच्या अंतर्भागातील आसने, दारांची अस्तरे आणि मुठी मूळच्या की मागाहून बसविलेल्या, याची शहानिशा करण्याचे तेथे एक शास्त्रच बनून गेले आहे, व त्या शास्त्राचा आधार म्हणजे कारखान्यांनी राखलेले दप्तर. पत्र्यावर ठोकलेल्या पाटीत आसनांच्या कापडाचा आणि रंगाचा सांकेतिक क्रमांक असे. क्रायस्लरच्या गाड्यांत तर जोडणीच्या वेळी कामगारांपुढे असलेला तपशिलाचा कागद कित्येकदा मागील आसनाच्या स्प्रिंगांतच अडकून राहिलेला सापडतो.

याच क्रायस्लरशी करार करून, १९४४ साली स्थापन झालेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यास डॉज व प्लिमथ गाड्यांची जोडणी आरंभिली. पण रत्नागिरीकराला जुनी मोटार म्हटल्यावर जी आठवते ती बहुधा त्याच कारखान्याची फियाट ११००, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने असे धोरण पत्करले की, ज्यांच्यापाशी येथेच गाडी घडविण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी केवळ सुटे भाग आणून जोडण्याचा व्यवसाय बंद करावा. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी त्यामुळे येथून काढता पाय घेतला, आणि कुर्ल्याच्या गाडीत एकेक परदेशी भाग गळून त्या जागी एतद्देशीय भाग येत गेला.

अस्सलपणाचा आपल्याकडील निकष म्हणूनच डेट्रॉइटच्या निकषाहून निराळा मानला पाहिजे. इटलीहून मागविलेली चकचकीत मूठ १९७५ च्या पद्मिनीच्या दारावर बसविणे, हे मला त्या गाडीचा इतिहास खोडून टाकण्यासारखे वाटते. कारण त्या वर्षी कुर्ल्यास जे बसविले गेले, मग ते जाडेभरडे का असेना, तेच तिचे अस्सल. परदेशी म्हणजे मूळचे, ही समजूत जकातीच्या आणि परवान्यांच्या काळाने आपल्या मनात रुजविली, व तिच्यापायी कितीतरी चांगल्या स्वदेशी वस्तू भंगारात गेल्या.

रत्नागिरीत या परीक्षेला समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस येऊन मिळतात. दारांच्या आतील अस्तराची दाबीव पुठ्ठ्यासारखी फळी खालच्या कडेने पाणी पिऊन फुगते, म्हणून येथील पन्नास वर्षांच्या गाडीत ती अगदी सपाट व कोरी दिसली तर प्रथम संशयच घ्यावा, आणि स्क्रूच्या भोकांशेजारी बुजविलेली जुनी भोके आहेत काय ते पाहावे. क्रोमचा मुलामा दिलेला जस्ताचा ओतीव भाग फोडांसारखा उठतो, लोखंडाचा पत्रा मात्र तांबूस गंज धरतो. लोहचुंबक टेकवला की दोन्हींतला भेद तत्काळ कळतो. रेक्झिनचा रंग उन्हाने विटलेला असतो, परंतु आसन उलटे करून खालची दुमडलेली कड उसवली तर तेथे उजेड न लागलेला रंग जसाच्या तसा राहिलेला दिसतो, आणि रेक्झिनमागील कापडाची वीणही तेथेच निरखता येते. गादीत स्प्रिंग, तरट आणि काथ्या मिळाला तर काम जुने असण्याचा संभव अधिक. सलग फोम निघाला तर ती कोण्या कुशनवाल्याने नव्याने भरली असावी. काथ्या हा तर कोकणचा घरचाच जिन्नस असल्याने, जुनी गादी दुरुस्त करताना येथील कारागिराने त्याचीच भर घातली असण्याचीही शक्यता ध्यानात ठेवावी लागते, आणि एवढ्या पुराव्यावर निकाल देता येत नाही.

सरकारी दप्तराचे साहाय्य येथे फारसे होत नाही. नोंदणीच्या पुस्तकात चॅसिस व इंजिनाचे क्रमांक, निर्मितीचे वर्ष आणि मालकांची नावे मिळतात. आसनाच्या कापडाविषयी त्यात अक्षरही नसते, त्यामुळे एकाच वर्षी निघालेल्या, सहसा कोणी हात न लावलेल्या दोन-चार गाड्या शेजारी ठेवून त्यांच्या शिवणी ताडून पाहणे, हाच काय तो खात्रीचा मार्ग उरतो.