चित्राखालचे नाव

गेल्या वैशाखात भंडारदऱ्यास गेलो होतो. १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर बांधलेले विल्सन धरण पाहून परतताना रस्त्याच्या कडेला एक आजीबाई करवंदे विकीत बसलेल्या दिसल्या. आमच्याबरोबरचे एक गृहस्थ निवृत्तीनंतर छायाचित्रणाच्या वर्गाला जाऊ लागले होते. त्यांनी चटकन फोटो टिपला. आजीबाई म्हणाल्या, "काढला नव्हं? मंग मला दाव की!" गृहस्थ ओशाळले. वर्गाच्या प्रदर्शनात तो लावायचा, एवढेच त्यांच्या मनात होते.

मला मुंबईतल्या एका जुन्या वर्गाची आठवण झाली. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रण शिकविण्यास आरंभ झाला. विद्या मोठी कटकटीची! काचेवर कलोडियन ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवायचेही. समोरच्याने काही क्षण निश्चल राहावे लागे. वाहत्या रस्त्यावर हे कसे जमावे? म्हणून रस्त्यावरचा माणूसच कॅमेऱ्यापुढे आणून बसवीत.

त्या वर्गात शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांची चित्रे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत पोहोचली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी वैद्यकी सांभाळून या छंदात रमले. १८५७ साली कलकत्त्याच्या प्रदर्शनात त्यांची ३० छायाचित्रे होती. आपल्या माणसांनी नवी विद्या इतक्या लवकर आत्मसात केली, याचा अभिमान वाटतो.

पण एक सल राहतेच. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या लोकांविषयीचे आपले सचित्र ग्रंथ १८६३ व १८६६ साली काढले. त्यांत माणसांच्या आकृती कापून दुसऱ्याच देखाव्यांवर बसविल्या आहेत आणि खाली जात किंवा धंदा लिहिला आहे. चित्र घेणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले; समोर बसलेला मात्र नुसताच 'अमक्या जातीचा' झाला.

आमच्या गृहस्थांनी फोन आजीबाईंपुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आता नीट काढ." दुसरा फोटो निघाला. मग गृहस्थांनी खिशातली वही काढून विचारले, "आजी, नाव काय लिहू?"

वर्गाचे प्रदर्शन भरले तेव्हा तोच दुसरा फोटो भिंतीवर होता. त्याखाली 'करवंदेवाली' असे लिहिलेले नव्हते; आजीबाईंचे नाव होते. एक प्रत टपालाने भंडारदऱ्यास आधीच रवाना झाली होती.