शाकारणी ते स्लॅब : कोकणी घराच्या दुरुस्तीचा इतिहास

घराचा इतिहास आपण बहुधा वास्तुशांतीपासून सुरू करतो. कोणी बांधले, लाकूड कुठल्या रानातले, चिरे कुठल्या खाणीतले, एवढे सांगून झाले की गोष्ट संपते. कोकणातल्या घराला हा हिशेब लागू पडत नाही. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत अंगावर घेणारे घर एकदा बांधले जात नाही, ते दरवर्षी पुन्हा बांधले जाते. त्यामुळे त्याचा खरा इतिहास दुरुस्तीचा असतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याचे नाव दगडावर कोरलेले नसल्याने तो कोणी लिहीत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे घर सामाईक आहे. चार चुलत घरांची नावे असेसमेंटच्या उताऱ्यावर आहेत आणि घरात बारमाही कोणी राहत नाही. चार वर्षांपूर्वी आढे वाकल्याचे दिसले, तेव्हा प्रश्न उभा राहिला की कौले उतरवून स्लॅब टाकायचा, की जुने छप्पर नीट करायचे. निम्म्या घराचे मत स्लॅबच्या बाजूने होते, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते : दर उन्हाळ्यात रजा काढून कौलांसाठी गावी यायचे कोणी? निर्णय लांबला त्या काळात मी आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या वाचल्या, भिंती उकरून पाहिल्या, गवंड्यांशी आणि सुतारांशी बोललो. पुढचे विवेचन त्यातून आले आहे.

वह्यांमध्ये दर वैशाखात एक खर्च न चुकता पडलेला आहे : शाकारणी. मृग लागण्याआधी छप्पर उतरवून, झाडून, पुन्हा चढवण्याचे हे काम. शब्द मुळात गवताच्या छपराचा, पण कौले आली तरी तो टिकला, कारण काम टिकले. नळीची कौले कुंभार चाकावर घडवत असे. निमुळता पोकळ नळा ओढायचा, ओला असतानाच उभा चिरायचा, की दोन कौले तयार. एक रांग उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. त्यांना ना खाच, ना खिळा. ती केवळ वजनाने आणि उताराने जागेवर राहत. माकड उडी मारून गेले, नारळाची झावळी पडली, वारा शिरला की सरकत. म्हणून दरवर्षी सगळे पाखे उघडायचे, फुटकी बाजूला काढायची, वाळवी लागलेला वासा तेव्हाच बदलायचा. छप्पर कच्चे होते, आणि ते कच्चे असल्यामुळेच त्याखालचे लाकूड वर्षातून एकदा माणसाच्या नजरेखालून जात असे. हे मला फार महत्त्वाचे वाटते. तपासणी हा वेगळा उपचार नव्हता, ती छपराच्या रचनेतच होती.

या व्यवस्थेत पहिला मोठा बदल समुद्रमार्गे आला. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे मिशन १८३४ मध्ये मंगळुरूला पोहोचले. धर्मांतरितांचे जातीचे धंदे सुटले होते, त्यांना काम देणे हा मिशनपुढचा रोजचा प्रश्न होता. विणकाम, छापखाना असे प्रयोग करता करता १८६५ मध्ये गेऑर्ग प्लेब्स्ट याने नेत्रावतीकाठी जेप्पूला कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती तिथे मुबलक होती. कौलाचा नमुना फ्रान्समधल्या अल्सास प्रांताचा होता : तिथल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाचे पेटंट घेतले होते. कडेला खाच, मागे रिपेला धरणारी नाकाडी. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले पुरतात, आणि ती जागची हलत नाहीत. किनाऱ्यावरच्या गलबतांतून ही कौले उत्तरेकडे आली आणि ‘मंगळुरी’ हेच त्यांचे नाव झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली, कारखाने पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तोवर हे कौल कोणा एकाचे राहिले नव्हते, अनेक कारखाने ते पाडत होते.

मंगळुरी कौलाने शाकारणीचे कष्ट कमी केले. आमच्या वह्यांत त्यानंतर हा खर्च आखडलेला दिसतो, आणि काही वर्षे नोंदच नाही. बचत खरी होती. पण छप्पर उघडण्याचे निमित्तही त्याबरोबर गेले. वाकलेले आढे आम्ही उतरवले तेव्हा वाळवी आतून वर चढून किती वर्षे झाली होती, हे सुतारालाही सांगता येईना. कौल शाबूत होते, त्याला धरणारे लाकूड पोकळ होते.

भिंतींची कथा याहून गुंतागुंतीची आहे. कोकणचा चिरा म्हणजे जांभा. टिपूच्या पाडावानंतर फ्रान्सिस बुकॅनन हा स्कॉटिश डॉक्टर १८०० मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबारच्या पाहणीला निघाला. मलबारात अंगाडीपुरमच्या आसपास त्याने पाहिले की हा दगड जमिनीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि उघड्यावर हवेत घट्ट होतो. १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. कोकणातल्या पाथरवटाला हा गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी रत्नागिरीत बांधलेल्या राजवाड्यापासून साध्या गडग्यापर्यंत सगळीकडे तोच दगड दिसतो.

जांभा भोकांचा दगड आहे. तो पाणी पितो आणि पाणी सोडतो. म्हणून त्याच्या जोडीला चुना होता. किनाऱ्यावर शिंपल्यांचा, आत चुनखडीचा. सुमारे नऊशे अंश तापमानाला भाजायचा, पाण्यात विझवायचा, मुरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा. भिंतीवर चढल्यावर तो हवेतला कर्बवायू हळूहळू शोषून पुन्हा दगड होतो. या कामाला वर्षे लागतात. असा गिलावा सिमेंटच्या तुलनेत कमजोर असतो, आणि तीच त्याची योग्यता. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. भिंत किंचित हलली तर चिरा फुटण्याआधी चुना तडकतो. ओलीबरोबर येणारा क्षार पृष्ठभागावर साचून गिलाव्याचे पापुद्रे काढतो, दगड बचावतो. दर काही वर्षांनी पापुद्रे खरवडून पुन्हा चुना फासायचा. झिजायचे कोणी हे ठरलेले होते, आणि झिजणारी वस्तू स्वस्त होती.

मग सिमेंट आले. जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये इंग्लंडात घेतले. भारतात पोरबंदरचे उत्पादन १९१४ मध्ये सुरू झाले, आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. तरी कोकणातल्या सामान्य घराला सिमेंट पुढची कित्येक वर्षे परकेच होते. दुसऱ्या महायुद्धापासून, मधला थोडा काळ सोडला तर, त्याच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारचे नियंत्रण होते. परमिट असल्याशिवाय गोणी मिळत नसे. दुर्मिळ वस्तूला प्रतिष्ठा येते. सिमेंटचा गिलावा म्हणजे घरात कोणी मुंबईला नीट कमावते आहे याची खूण.

१९८२ चे पहिले दोन महिने या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. सिमेंट-वाटप आणि प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांच्या संबंधावरील मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारीत अ. र. अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. त्याच महिन्याच्या १८ तारखेला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. फेब्रुवारीच्या अखेरीस केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले : ठरावीक हिस्सा सरकारी दराने देऊन उरलेला कारखान्यांनी खुल्या बाजारात विकावा. १ मार्च १९८९ रोजी उरलेले नियंत्रणही गेले. कोकणातली कितीतरी घरे ज्या मनिऑर्डरींवर उभी होती त्या आटू लागल्या, आणि नेमके तेव्हाच सिमेंट दुकानात मिळू लागले. संपानंतर गावी परतलेल्या कोणाच्या हाती फंडाची रक्कम असेल, तर ती एकदाच खर्चायची होती. दरवर्षी चुना आणि शाकारणी करण्याइतकी मिळकत पुढे असेल की नाही, याची खात्री नव्हती. अशा माणसाला ‘एकदा करा, पुन्हा बघायला नको’ हे शब्द किती मोलाचे वाटले असतील!

आमच्या पश्चिमेच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा धाकट्या काकांनी त्याच सुमारास करून घेतला. ते गिरणीत होते. त्यांच्या हिशेबात तो खर्च एकरकमी आहे, आणि पुढच्या पानांवर भिंतीसाठी एकही पैसा नाही. त्यांना जे हवे होते ते त्यांना मिळाले : तीसेक वर्षांची निश्चिंती. तो गिलावा आम्ही तोडला तेव्हा आतला चिरा बोटाने खरवडला तर भुगा होत होता. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला वाट नव्हती. चुन्याच्या काळात जे झिजणे गिलाव्याच्या वाट्याला होते, ते आता दगडाच्या वाट्याला आले होते. बाहेरून मात्र भिंत अखेरपर्यंत ठणठणीत दिसत होती.

स्लॅबचे तर्कशास्त्र तेच, आकार मोठा. सळईवरचे काँक्रीट काळाने आपला क्षारधर्म गमावते, खारी हवा आत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि खपल्या पाडते. पाणी सपाट छपरावर थांबते. आज कोकणात कुठल्याही रस्त्याने जा, स्लॅबच्या घरांवर लोखंडी सांगाड्यांच्या पत्र्याच्या शेडी दिसतील. छपरावर छप्पर! कौलांचा जो उतार आपण काढून टाकला, तोच पत्र्याच्या रूपाने पुन्हा वर चढला आहे. पावसाने आपले म्हणणे सोडलेले नाही.

या सगळ्यातून जुने ते सगळे चांगले असा निष्कर्ष मी काढत नाही. शाकारणीचे स्वस्त मनुष्यबळ ज्या गावगाड्यातून येत असे, त्यात ज्यांची पाठ छपरावर भाजली त्यांना ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. वहीत खर्चापुढे कधी भाताची पायली आहे, कधी नुसते ‘नेहमीप्रमाणे’. त्या ‘नेहमीप्रमाणे’मध्ये किती अन्याय दडला आहे, हे वही सांगत नाही. ते हात मुंबईला गेले, शिकले, हे योग्यच झाले. पण हात गेल्यावर काम संपत नाही. ते घराच्या रचनेत तसेच राहते आणि कोणीतरी करण्याची वाट पाहते. सिमेंटने ते काम नाहीसे केले नाही, नजरेआड केले आणि पुढच्या पिढीच्या नावावर टाकले.

घरच्या बैठकीत मी हेच मांडले. स्लॅबवाल्यांनी रास्त प्रश्न विचारला की, मग दरवर्षीचे कोण करणार? त्याला इतिहासात उत्तर नव्हते, ते आम्हालाच द्यायचे होते. अखेर छप्पर कौलांचेच ठेवले, आढे आणि किडके वासे बदलले, पश्चिमेची भिंत खालून नवे चिरे घालून चुन्यात बांधली. चुन्याचे काम जाणणारा गवंडी सत्तरीच्या पुढचा मिळाला. त्याच्या हाताखाली दोन तरुण ठेवण्याची मजुरी आम्ही वेगळी दिली. चारही घरांनी वर्षाला ठरावीक रक्कम एका खात्यात टाकायची आणि वैशाखात एका घराने आठ दिवस येऊन राहायचे, असे लेखी ठरले. पाळी चुकली तर पैसे दुप्पट. पहिल्या वर्षी एक पाळी चुकली, पैसे मात्र आले.

आजोबांच्या शेवटच्या वहीत बरीच पाने कोरी होती. त्यातच पुढच्या नोंदी सुरू केल्या आहेत. मजुराचे नाव आणि रोज आता पूर्ण लिहितो.