न लागलेला लाल दिवा

गाडी जुनी, छोटी, तीन सिलिंडरची. मालक माझा मावसभाऊ. सुरतच्या कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात काम करतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. गेल्या पावसाळ्यातल्या त्या दिवसाचा क्रम त्याच्या आणि वहिनीच्या सांगण्यावरून लावला आहे.

सकाळी ९:३०, कतारगाम
चाबी फिरवली तर सेल्फची नुसती टकटक. दुसऱ्या दिवशी साक्रीला दादाच्या आत्याचं वर्षश्राद्ध, त्यामुळे निघणं भाग होतं.

दुपारी १२:००
बॅटरी चार वर्षांची, म्हणून सगळा दोष तिच्यावर गेला. ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि सगळे निर्धास्त झाले. चुकलं ते इथे. बॅटरी का उतरली, हे कुणी पाहिलंच नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावला, की चार्जिंग ठीक असलेल्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. इथे आकडा १२.६ च्याही खाली उतरताना दिसला असता. दोन मिनिटांचं काम.

शेजारच्या एकाने चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायला सुचवलं. दादाने ते केलं नाही, ते बरंच झालं. त्या क्षणी व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचे, डायोड उडू शकतात.

दुपारी ४:४५
दादा, वहिनी आणि दोन मुलं निघाली. निघताना चाबी ऑन केली. ऑइलचा लाल दिवा लागला, बॅटरीचा लागला नाही. लाल दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असंच कुणालाही वाटेल. पण इंजिन सुरू होण्याआधी तो दिवा लागलाच पाहिजे. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरमध्ये बॅटरीचा करंट चाबीतून या दिव्यात, तिथून रेग्युलेटर आणि कार्बनमार्गे (म्हणजे रोटरच्या रिंगला टेकलेल्या ब्रशमधून) फिरत्या रोटरच्या गुंडाळीत जातो. त्यानेच रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व मिळतं. कार्बन झिजून रिंगला टेकेनासे झाले की ही वाट तुटते. मग दिवा लागत नाही आणि वीजही तयार होत नाही. गाडी बिघाड सांगत होती, पण दिवा न लावून. तो दिवा बॅटरीचा म्हणून ओळखला जातो खरा, पण खबर देतो ती चार्जिंगची.

सायंकाळी ६:३०, सोनगढ
बारडोली, व्यारा मागे पडलं. चहासाठी थांबले. परत निघताना सेल्फ जड फिरला, तो ओलाव्यामुळे असं दादाला वाटलं. अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट नवा, ताणलेला. त्याची किरकिरही नव्हती, म्हणून तिकडे लक्ष गेलं नाही. पुढे मुसळधार पाऊस. वायपर लागला, काच धुरकट होऊ नये म्हणून ब्लोअरही.

७:१५, नवापूर
अंधार पडला, हेडलाइट लागले. ५५ वॉटचे दोन दिवे नऊ-दहा अँपिअर ओढतात. त्यावर वायपर, ब्लोअर, इग्निशन. बॅटरीतून फक्त जात होतं, येत काहीच नव्हतं. वहिनी म्हणाली, "दिवे पिवळे पडलेत हो." नवापुरात गॅरेज होती. पण साक्री आता फार लांब नाही, या विचाराने गाडी पुढे गेली.

७:५०, कोंडाईबारी घाट
वायपर काचेच्या मध्येच रेंगाळू लागला. इंजिन चढावर झटके देऊ लागलं.

८:०५
वळणावर इंजिन बंद. सेल्फ फिरेना. हॅझर्डचे दिवे एकदा-दोनदा मिणमिणून विझले. गाडी अर्धी रस्त्यावर, काळोखात, मुसळधार पावसात. ढकलून कडेला घ्यायला चढावर दोघांचं बळ पुरेना. वहिनीने दोन्ही मुलांना डाव्या दाराने ओढून काढलं आणि कठड्यापलीकडे नेलं. दादा मोबाइलचा टॉर्च हलवत मागे धावला.

८:१२
वळणातून ट्रक आला. ड्रायव्हरने ब्रेक दाबले, पण ओल्या रस्त्यावर ट्रक घसरत येऊन गाडीवर मागून आदळला. मुलं ज्या सीटवर बसली होती, ती पुढच्या सीटला जाऊन भिडली. दादा बाजूला उडी मारून वाचला. जखमी कुणी झालं नाही. वहिनी अजूनही रात्री त्या घाटातून जायला तयार होत नाही.

तिसऱ्या दिवशी, साक्री
ऑटो इलेक्ट्रिशियनने ओढून आणलेल्या गाडीचा अल्टरनेटर खोलला. डायोड शाबूत, गुंडाळ्या शाबूत. दोन्ही कार्बन झिजून इतके आखूड झाले होते की स्प्रिंगने दाबूनही रिंगपर्यंत पोचत नव्हते. निघायच्या दिवशी सकाळी उतरलेली बॅटरीही त्यामुळेच: त्याआधीचे कित्येक दिवस कार्बन कधी टेकत होते, कधी नाही. त्याने तिथल्या तिथे नवे कार्बन घालून अल्टरनेटर बेंचवर फिरवला. मीटरवर १४.२ दिसले.