तळटीप : ‘एस्किमो’ आणि नुनावुत
* मूळ लेखातला ‘एस्किमो’ हा शब्द त्या काळचा म्हणून तसाच ठेवला आहे. कॅनडातले हे लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. एक माणूस म्हणजे ‘इनुक’. बाहेरच्यांनी दिलेलं जुनं नाव त्यांना अपमानास्पद वाटतं, म्हणून वाचकांनी ते पुढे चालवू नये अशी विनंती. लेखात ‘वायव्य प्रदेश’ म्हटलेल्या भागातून १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत वेगळा झाला. इनुक्टिटुट भाषेत नुनावुत म्हणजे ‘आमची भूमी’. क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौ. किमी, कॅनडाचा पाचवा हिस्सा. लोकसंख्या मात्र २०२१च्या जनगणनेत ३६,८५८. ‘फ्रोबिशर बे’ या गावाने १९८७ मध्येच इकालुइत, म्हणजे ‘भरपूर माशांची जागा’, हे नाव परत घेतलं होतं. आज ती नुनावुतची राजधानी आहे. दक्षिणेतून तिथे रस्ता जात नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात जहाज. जमीन खोलवर बारमाही गोठलेली. घराच्या उबेने ती वितळली तर घर खचतं, म्हणून घरं खांबांवर उचललेली असतात आणि खालून थंड वारा खेळता ठेवतात. हिवाळ्यात गोठलेला समुद्र हाच शिकाऱ्यांचा रस्ता. तो आता उशिरा गोठतो, लवकर फुटतो. वडीलधाऱ्यांनी शिकवलेल्या वाटांवर पाऊल टाकण्याआधी बर्फाची जाडी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. (संपा.)