रानपिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

संहितेत मागाहून घुसडलेली ओळ हुडकून काढायला किती सायास पडतात, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना सांगायला नको. असाच एक प्रक्षेप एका घुबडाच्या इतिहासात शिरला होता.

रानपिंगळा हा मध्य भारतातील पानझडी जंगलांचा रहिवासी. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांना तो आजच्या छत्तीसगडातील बसन्याजवळ मिळाला, आणि पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन छापले. (काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच हे ह्यूम.) त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोद्याकडे, काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. उरले ते पेंढा भरलेले मोजके नमुने आणि त्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या. हा पक्षी कोठे राहतो, याचे सारे ज्ञान त्या चिठ्ठ्यांवर उभे होते.

त्यांतली एक चिठ्ठी सांगत होती : मांडवी, गुजरात, १९१४. संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. मोठे नाव; शंका कोण घेणार? पामेला रासमुसेन यांनी ती घेतली. नमुन्याची क्ष-किरण तपासणी झाली आणि कातडे शिवण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनची निघाली. संग्रहालयातून चोरलेला पक्षी नव्याने भरून कर्नलने त्यावर स्वतःचे नाव लिहिले होते. प्रत तीच, लेखक बदललेला!

मांडवी बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, खऱ्या ठिकाणांची वाट धरली. पूर्वेकडे काही हाती लागले नाही. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ तो सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. पहाटे दारी येणाऱ्या पिंगळ्याचे भविष्य ऐकत वाढलेल्या या मुलखात तो बहुधा सतत होताच. स्थलांतर न करणारा, आपला टापू धरून राहणारा हा पक्षी. हरवले होते ते पाहणारे.

पुढे तो मेळघाटात आढळला, २०१४ साली तानसा अभयारण्यातही. आणि गंमत अशी, की नंतर दक्षिण गुजरातेत, डांगच्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. म्हणजे कर्नलची थाप भूगोलाच्या दृष्टीने फारशी दूरची नव्हती. तरीही मांडवीची ती नोंद पुराव्यातून कायमची वगळावी लागते.