परदेशी शिक्षणाची परवानगी : जात, संस्थान आणि वकिलात

तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणासाठी ओळखले जाणारे माकणी हे गाव आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात असले, तरी 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, आणि म्हणून येथून शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा इतिहास मुंबई-पुण्याच्या इतिहासापेक्षा काहीसा वेगळा वाचावा लागतो. मात्र दोन्हीकडे एक सूत्र समान आढळते : परवानगी प्रत्येक काळात लागलीच, ती देणारा आणि तिच्यासाठी मागितला जाणारा पुरावा तेवढा बदलत गेला.

एकोणिसाव्या शतकात हा अधिकार प्रामुख्याने जातीकडे होता. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा आजच्या अर्थाचे पारपत्र, म्हणजे आपल्या सरकारने दिलेला ओळखीचा व प्रवासाचा दस्तऐवज, किंवा व्हिसा, म्हणजे ज्या देशात जायचे त्याने दिलेला प्रवेशपरवाना, यांपैकी काहीही त्यांच्या मार्गात आडवे आले नाही. आडवा आला तो समुद्रगमनाचा निषेध, आणि म्हणूनच प्रस्थानापूर्वी कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांना आपल्या निर्णयाचे समर्थन करावे लागले. हैदराबादेत राजाश्रय हा दुसरा मार्ग होता. सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, 1895 मध्ये निजाम महबूब अली खान यांच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. पण असा आश्रय राजधानीतील प्रतिष्ठित घराण्यांच्या आवाक्यातला होता, आणि उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांना तो जवळजवळ अगम्यच राहिला.

पहिल्या महायुद्धाने ही व्यवस्था पालटली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणाचा काळ नेमका या स्थित्यंतराच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून, सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. आणि स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांची मदत यांच्या बळावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तोवर युद्धकालीन निर्बंधांतून आलेले पारपत्र कायमचे झाले होते. भारतात प्रवेश करणाऱ्यास पारपत्र बाळगणे बंधनकारक करणारा कायदाही 1920 चाच. संस्थानी प्रजेची अडचण आणखी एका पायरीने वाढली, कारण परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हाती असल्याने निजामाची प्रजा बाहेरच्या जगात ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ ठरत असे.

स्वातंत्र्यानंतरही पारपत्र देणे न देणे ही दीर्घकाळ सरकारची मर्जी होती. परदेशप्रवासाचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1967 मध्ये दिला आणि त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. तथापि पारपत्र मिळाले तरी परकीय चलनाचा प्रश्न उरे. विदेशी चलनाच्या तुटवड्यामुळे प्रवासाचे तिकीट काढण्यासही रिझर्व्ह बँकेची मान्यता लागत असे. हे निर्बंध पुढे सैल होत गेले, तर दुसऱ्या बाजूला यजमान देशांची दारे अधिक काटेकोर झाली. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीयांना ब्रिटनसाठी पूर्वी व्हिसा लागत नसे, तो 1986 पासून लागू झाला; अलीकडे, नोव्हेंबर 2022 पासून, जर्मनीने भारतीय विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कागदपत्रांची स्वतंत्र पडताळणीही आवश्यक केली.

आजचा मुख्य पुरावा आर्थिक आहे : शिक्षणशुल्क व राहण्याचा खर्च भागेल इतकी रक्कम खात्यात आहे, किंवा कर्ज मंजूर झाले आहे, हे दाखवावे लागते. माकणीसारख्या गावातील कुटुंबाची मालमत्ता बहुधा सातबाऱ्यावर असते, आणि थकीत कर्जाच्या वसुलीसाठी तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणारा 2002 चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नसल्याने, मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी बँका अशा तारणास सहसा राजी नसतात. शेतकऱ्याची जमीन वाचवणारी तरतूदच त्याच्या मुलाच्या व्हिसाच्या अर्जात अशी उणीव निर्माण करते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांचे महत्त्व त्यामुळे केवळ रकमेत मोजता येत नाही. ज्याच्या घरी दाखवण्याजोगी शिल्लक नाही, त्याच्यासाठी शासन परक्या वकिलातीसमोर जामीन राहते, आणि 1913 मध्ये बडोद्याच्या दरबाराने एका विद्यार्थ्यासाठी उचललेला भार लोकशाहीत नियमाने अनेकांसाठी उचलला जातो.